पुएब्लो भांड्यांवरचा काळा रंग कशाने टिकतो

अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या मेसा व्हर्दे परिसरात पुएब्लो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या पूर्वजांनी 1180 ते 1300 च्या सुमारास पांढऱ्यावर काळ्या नक्षीची भांडी केली, तीही चाकाशिवाय. बडोद्यात तशी करू पाहणारे नक्षीचाच विचार जास्त करतात. खरी गोम अस्तरात, म्हणजे भांड्यावर चढवलेल्या पातळ पांढऱ्या मातीच्या थरात, आणि भट्टीत आहे.

मातीत जुन्या खापरांची भुकटी घालून मळायची, साधारण चौथा हिस्सा. सुकताना भांडं कमी आकसतं, भाजताना वाफेला वाट मिळते. आपल्याकडच्या गाळाच्या मातीतला चुनखडीचा कंकर मात्र चाळून काढायचा. भट्टीत त्याचा चुना होतो आणि नंतर हवेतला ओलावा पिऊन तो फुगला, की धडधाकट भांड्याचा टवका उडतो. करंगळीएवढ्या वळ्या चिमटीने जोडत भिंत वर न्यायची, मग सुक्या भोपळ्याच्या कवचीने खरवडून पातळ करायची.

काळा रंग वनस्पतीचा. तिळवणीच्या नात्यातलं एक रानझुडूप उकळून, गाळून, काकवीसारखं दाट होईपर्यंत आटवतात. वड्या करून ठेवतात आणि लागेल तशा पाण्यात घोळतात. कुंचला युक्का या तंतुमय पानांच्या झाडाच्या पानाचा, टोक चावून तंतू मोकळे केलेला. भट्टीत या रसाचा कोळसा होतो आणि मातीने तो धरून ठेवला तरच रेघ उरते. कच्छची चिनी माती पांढरी शुभ्र, पण नुसतीच वापरली तर रंग धरत नाही. तिच्यात थोडं बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकण माती), तेही कच्छचंच, मिसळावं. जास्त झालं तर अस्तर सुकतानाच भेगाळतं. अस्तर ओलसर असतानाच गुळगुळीत गोट्याने घोटायचं.

त्यांची भट्टी म्हणजे सुमारे मीटरभर रुंद, लांबट, उथळ चर, कडेने वालुकाश्माच्या फरशा. आधी जाळ करून निखारे पाडायचे, त्यांवर फरश्या, फरश्यांवर भांडी, भांड्यांवर मोठी खापरं, वर पुन्हा लाकूड. तिकडे जुनिपर आणि पिन्यन या झाडांचं. इथे वाळलेली बाभूळ चालेल. लाकडाचे निखारे झाले की सगळं मातीने बुजवायचं. ज्वाळा असताना बुजवलं तर भांडं काजळीने करडं पडतं. उशीर झाला तर हवेने कोळसा जळून जातो आणि कोरं पांढरं भांडं हाती येतं. लोहाच्या खनिजाचा रंग असेल तर तो तांबूस होतो. रात्रभर उकरायचं नाही, कारण भांडं तापलेलं असेपर्यंत हवा लागली तरी नक्षी जाते. पावसाळ्यात हा उद्योग नकोच: चर ओला राहतो आणि वाफेने भांडी तडकतात.