बद्द वाजलेलं चाक

खाली बसवलेली गाडी दुकानात आली की आधी जॅक नाही, फळ्या काढायच्या, हे आमच्या पोरांना आता सांगावं लागत नाही. जॅक बंपरखाली शिरतच नाही. पुढची दोन्ही चाकं दीड इंची फळ्यांवर चढवली की मग त्याला वाट मिळते. ती ऑडी टीटी आली तेव्हाही तसंच झालं. काळी, दोन दारांची, कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप, घालून ३५ मिलिमीटर खाली घेतलेली. मालक इचलकरंजीचा, पंचविशीतला पोरगा, घरचे माग. सोबत पिकअपमध्ये १९ इंची चार अलॉय चाकं, ज्यांना आम्ही डिस्क म्हणतो, इंटरनेटवर बघून कुणाकडून तरी जुने घेतलेले, आणि चार नवे टायर. "काका, संध्याकाळपर्यंत बसवून द्या. पहाटे आंबोलीवरून गोव्याला निघायचंय."

मी गाडीकडे बघायच्या आधी डिस्क उलट्या करतो. सगळी कुंडली आतल्या बाजूला ओतलेली असते. मूळ चाक साडेआठ इंच रुंद, ईटी ५०. हे नऊ इंच, ईटी ४२. ईटी म्हणजे चाकाच्या मधल्या रेषेपासून हबवर (गाडीच्या ज्या भागाला चाक बोल्टने बसतं त्यावर) टेकणारा भाग किती मिलिमीटर सरकलेला आहे ते. लोक ५० मधून ४२ वजा करतात आणि म्हणतात, चाक आठ मिलिमीटर बाहेर येईल. वाढलेला अर्धा इंच विसरतात. त्यातला निम्मा, सहा मिलिमीटरहून थोडा जास्त, बाहेरच्या अंगाला जातो. म्हणजे बाहेर १४, आणि आत शॉकअपकडे उलट दीड मिलिमीटर जास्त मोकळं. आर्चपाशी, चाकावरच्या बॉडीच्या कमानीपाशी, ते १४ बसतात की घासतात, हा खरा प्रश्न. टायर त्याने २३५/३५ आणले होते, मूळ २४५/४० आर १८ पेक्षा उंचीला सहा मिलिमीटर कमी. गाडी क्वाट्रो, चारही चाकांना जोर जाणारी, तिला टायर सारखेच लागतात; त्याने आणलेले चारही एकाच मापाचे, नवे. तिथे पोरगा चुकला नव्हता.

बोल्ट मात्र आणले नव्हते. "जुनेच लागतील ना?" नाही लागत. ऑडीच्या मूळ बोल्टचं बूड गोल असतं आणि बाहेरच्या अलॉयची भोकं बहुतेक ६० अंशांच्या कोनाची. गोल बोल्ट त्या कोनात जातो, घट्टही होतो, १२० न्यूटन मीटरला टॉर्क रेंच इमानदारीत टक्क वाजतो. पण टेकलेला असतो एका बारीक रेषेवर, आणि चालता चालता ढिला पडतो. आमच्याच धंद्यातली माणसं एअर गनने ढर्रर्र करून "बसला बघा" म्हणतात तेव्हा मला त्यांच्या हातातली गन काढून घ्यावीशी वाटते. कोनाचे १४ बाय दीडचे बोल्ट माझ्याकडे होते. हाताने फिरवून किती फेरे आत जातात ते मोजले. आठच्या खाली असते तर मी लावले नसते.

राहिलं मधलं भोक. ऑडीचा हब ५७.१, अलॉयचं भोक ६६.६. मधली फट भरायला रिंग लागते, नाहीतर बोल्ट आवळताना चाक केसभर एका बाजूला बसतं आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. प्लास्टिकच्या रिंगा मागवायच्या तर दोन दिवस. पण आपण कोल्हापुरात आहोत. उद्यमनगरात लेथवर काय होत नाही?

निघायच्या आधी टायर न चढवता चारही डिस्क बॅलन्सिंग मशीनवर फिरवल्या आणि कडेला डायल गेज, कड किती डुलते ते काट्यावर दाखवणारं, लावलं. तीन ठीक. चौथीच्या आतल्या कडेला काटा १.२ मिलिमीटर हलला. अर्ध्याच्या पुढे गेलं की गिऱ्हाइकाला बोलावून काटा दाखवायचा, हा माझ्याच दुकानातला, मीच केलेला नियम. पोरगा बाहेर फोनवर होता. घड्याळात साडेबारा. मी मनात म्हटलं, आतली कड आहे, चाक जुनं आहे, आपले रस्ते आपल्याला ठाऊक आहेत, वजन लावून निघेल. मशीन बंद केलं. पोरं जेवायला बसली होती, त्यामुळे तो काटा माझ्याशिवाय कुणी पाहिला नाही.

आप्पांचा लेथ एका बोळात आहे. फोनवरच त्यांनी बजावलं होतं, "चारी घेऊन ये. एकाच्या मापावर चौघांची लग्नं लावू नको." सत्तरीचे असतील. लेथ टाकायच्या आधी शिरोलीच्या एका फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव घासून साफ करायला, होते. त्यांनी भोकाचं माप तीन-तीन जागी घेतलं, ॲल्युमिनियमच्या गजातून रिंग उतरवली, आणि हबच्या मुळाशी गोलाई असते ती ओळखून, मी न सांगता, आतल्या कडेला चॅम्फर, म्हणजे तिरका काप, मारला. ते बघायला मी रोज जाईन.

मग त्यांनी एक डिस्क भोकातून पहार घालून दोन स्टुलांवर टांगली आणि हातोड्याच्या दांड्याने ठोकली. टण्ण. आवाज लांबत गेला. दुसरी, तिसरी तशीच. मला वाटलं, म्हाताऱ्याची सवय. चौथी ठोकली.

"ह्यो गडी बद्द वाजतोय."

"आप्पा, जुनी आहे."

"बाकीची तीन काय नवी हाईत? मला गाडीतलं काय कळत न्हाई. ओतीव कळतंय."

आतल्या बाजूचा रंग पत्र्याने खरवडला. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली घासून सपाट केलेली वेल्डिंगची पट्टी. शेजारच्या वर्कशॉपमध्ये तड दाखवणाऱ्या डाय पेनिट्रंटचे डबे होते. लाल फवारा मारून दहा मिनिटं थांबायचं, पुसून काढायचं, मग वर पांढरा फवारा. त्या पांढऱ्यावर, वेल्डच्या अगदी शेजारून, माझ्या अंगठ्याएवढी लाल रेघ हळूहळू वर आली. अशा चाकाला ओतल्यावर उष्णतेची प्रक्रिया करून ताकद आणलेली असते. वेल्डच्या आचेने बाजूचा पट्टा मऊ पडतो आणि तड तिथूनच जाते. ३५ चा टायर म्हणजे रबर ते केवढं, आठ सेंटिमीटर. आंबोलीच्या एका वळणावरचा एक खड्डा पुरला असता.

आप्पांनी हात पुसले आणि विचारलं, "मशीनवर दिसलं न्हाई व्हय तुला?"

मी म्हटलं, "मशीनवर कुठं तड दिसते, आप्पा." ते खरंच आहे. मशीनवर तड दिसत नाही.

दुकानात परत आलो तर पोरग्याचं एकच, "काका, आत्तापुरतं मागं लावा. गोव्याहून आल्यावर बघू." मी नाही म्हटलं. त्याने दुसऱ्या दुकानाचं नाव घेतलं. म्हटलं, खुशाल जा, पण जाताना त्याला ही लाल रेघ दाखव. शेवटी मूळ १८ इंची चाकं मूळ बोल्टांनी परत लावली, मजुरी घेतली नाही. कोपऱ्यात ग्राइंडर पडला होता. एक स्पोक कापला असता तर विषय तिथेच संपला असता. पण चाक त्याचं, पैसे त्याचे. "विकणाऱ्याला परत पाठवतो," म्हणाला आणि चारही पिकअपमध्ये टाकली. मी दोरी बांधायला हातसुद्धा लावला.

दहा दिवसांनी तो नवाकोरा सेट घेऊन आला, माप तेच, त्यामुळे आप्पांच्या रिंगा तशाच बसल्या. त्या दिवशी मी सावकाश काम केलं. टायरच्या खांद्याला खडू लावला, डिकीत वीस-वीस लिटरचे पाण्याचे चार जार भरले, आणि गतिरोधकावरून तिरकी नेली. मागे खडू शाबूत. पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आर्चच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरला पांढरा डाग. हीट गनने तेवढा लायनर आत दाबला. अलाइनमेंटला घेतली तेव्हा टो, म्हणजे चाकांचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते माप, बसता बसेना. कॉइलओव्हर लावणाऱ्या गॅरेजने, नाव घेत नाही, आर्मचे बोल्ट चाकं लटकत असताना आवळले होते. त्यामुळे आर्मच्या सांध्यातले रबरी बुश सतत पिळलेले. सगळे सैल करून, गाडी तिच्या उंचीवर उभी करून पुन्हा आवळले. पुढचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, दोन्हीकडे उणे दीड अंशाच्या आसपास आला. शंभरच्या वेगाला स्टिअरिंग एका बोटावर राहत होतं.

शंभर किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासायला ये म्हटलं होतं, तो आला. रेंच लावता लावता विचारलं, "जुन्या चाकांचं काय केलंस?"

"गेली की. सांगलीकडच्या एकानं घेतली."

"तीन?"

"चारी. सेटच जातो ना काका."

"सांगितलंस त्याला?"

"त्यानं विचारलंच नाही."

माझ्या तोंडावर शिवी आली होती. ती गिळली, कारण डायल गेजचा काटा मीही त्याला सांगितला नव्हता, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. घेणाऱ्याचा नंबर तेवढा मागून घेतला.

फोन दोनदा केला, उचलला नाही. मग लाल रेघेचा फोटो पाठवला. लिहिलं की या सेटमधलं एक चाक वेल्ड केलेलं आहे आणि पुन्हा तडकलंय, आतल्या बाजूला खरवडलेला रंग दिसेल, ते लगेच उतरवा. रात्री उत्तर आलं.

"थँक्स. थोडं थरथरत होतं, पण आमच्या इथल्या टायरवाल्याने वजन लावून बॅलन्स करून दिलंय. आता ओके आहे."