आईचा रोल

रात्री ‘गांधी’ सिनेमा लावायला नको होता. झोप आधीच उडालेली, त्यात रोहिणीताई.

संगीताचा सल्ला. तिच्याकडे माझ्या प्रत्येक दुखण्यावर एक रोहिणी हट्टंगडी असते. “अगं, त्यांनी तेव्हा ‘गांधी’त कस्तुरबा केली, तू आई करायला काय रडतेस?” रडत नाहीये. पण काल कास्टिंगच्या त्या माणसाने माझा आवाजसुद्धा ऐकून घेतला नाही. एक फोटो समोरून, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि “केस पांढरे करू मॅडम, काळजी नको.” नायक माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्याची आई. इतकी वर्षं राज्य नाट्य स्पर्धेला घसा फोडला, आणि निवड झाली ती डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर!

बाबांना अजून सांगितलेलं नाही. असो.

तर पोरबंदरचा तो सीन. अमेरिकन पत्रकारासमोर गांधी आणि बा आपलं लग्न करून दाखवतात. सप्तपदीचं एकेक पाऊल, एकेक वचन. आधी कितीदा पाहिला असेल, पण काल रिमोट हातातच राहिला. एनएसडीत, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, दिग्दर्शक अल्काझींकडे घडलेली, रंगभूमीवरची बाई, नावावर जेमतेम चार-दोन सिनेमे, वय तिशीच्या आसपास. ती साठीची बा झालीय, आणि ती साठीची बा तेरा वर्षांची नवरी होऊन दाखवतेय. विगने काय केलं असेल ते पहिल्या थराचं. दुसरा थर कुठल्या रंगपेटीत मिळतो?

मला तो जमला असता का, हे त्या माणसाने विचारायला हवं होतं. एवढंच माझं म्हणणं.

आणि त्यांना निदान चढता आलेख मिळाला. दक्षिण आफ्रिकेत संडास साफ करायच्या वादात नवऱ्याने दाराबाहेर ढकलल्यावर त्याला लाज काढून विचारणारी बायको, तिथपासून पार आगाखान पॅलेसमधल्या 74 वर्षांच्या बांपर्यंत. वर बाफ्टा, ब्रिटिश सिनेमाचा मोठा पुरस्कार. मला दोन सीन. ओवाळणे आणि हंबरडा.

मग आठवलं, बाफ्टानंतर हिंदीवाल्यांनी त्यांना काय दिलं? 1984 मध्ये ‘सारांश’ची म्हातारी. 1990 मध्ये ‘अग्निपथ’, चक्क अमिताभची आई, त्याच्याहून वयाने लहान असून! इथे मात्र मला जरा बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

सकाळी आईचं नऊवारी काढून नेसून पाहिलं. पदर डोक्यावर घेतला, खांदे थोडे पाडले, चालून पाहिलं. गुडघ्याला मुद्दाम काही करावं लागलं नाही. हे चहा घेऊन दारात आले आणि म्हणाले, “सासूबाई कधी आल्या?”

मेला.

पण चाल बरोबर लागली होती तर. दुपारी कळवलं, करते. घोड्यावर बसायचं असेल तर आधी सांगा, असंही लिहिलं. उत्तर आलं, आईला घोडा नाही मॅडम, पालखी आहे. भोई चार असणार का सहा, ते विचारायचं राहिलं. माझं वजन त्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं.