कामावर परतल्यावर अपंगत्व लाभाचे काय होते?

गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात पॅकिंगच्या यंत्रावर काम करताना माझ्या उजव्या हाताची तीन बोटे गेली, त्याला आता काही वर्षे झाली. जखम भरून आल्यावर मी पुन्हा कामावर रुजू होणार असे कळताच फोंड्याच्या घरी विचारपूस करायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने एकच सल्ला दिला, की घाई करू नकोस, हजेरी लागली की ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, पैसे बंद होतील. सांगणारी सगळी माणसे जिव्हाळ्याची होती, परंतु त्यांची माहिती अर्धीच होती. याच अर्ध्या माहितीमुळे काम करण्याची उमेद आणि क्षमता असलेली माणसे घरी बसून राहतात, हे मी जवळून पाहिले आहे.

कर्मचारी राज्य विमा योजनेत अपंगत्वाचे दोन वेगळे लाभ असतात आणि गोंधळ नेमका तेथे होतो. पहिला तात्पुरत्या अपंगत्वाचा. कामावर झालेल्या अपघातामुळे कामगार जोवर काम करू शकत नाही, तोवर त्याला सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के दराने रक्कम मिळते. ज्या दिवशी तो काम करून मजुरी घेतो, त्या दिवसाचा हा लाभ मिळत नाही. माझ्या अपघाताच्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने, हा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढण्यास किंवा शिक्षा करण्यास मालकाला मनाई केली होती. दुसरा लाभ कायम अपंगत्वाचा. उपचार संपल्यानंतर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली हे ठरवते आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर मिळत राहते. कामावर परतल्याने ती थांबत नाही. त्याच कारखान्यात गेलात, दुसरीकडे नोकरी धरलीत किंवा घरी शिवणकाम सुरू केलेत, तरी ती चालूच राहते. ठरावीक काळाने हयातीचा दाखला मात्र द्यावा लागतो.

हिशेब एकदा मांडून पाहिला की मनातली भीती बरीच कमी होते. कायद्याच्या अनुसूचीत एका हाताची तीन बोटे गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के धरलेली आहे. समजा, अपघातापूर्वीचे सरासरी दैनिक वेतन ५०० रुपये होते. त्याचे ९० टक्के म्हणजे ४५० रुपये, आणि त्याचे ३० टक्के म्हणजे १३५ रुपये रोज. तीस दिवसांचे ४,०५० रुपये होतात. एवढ्यावर घर चालत नाही, हे सांगायला नको. त्यामुळे ज्याला शक्य आहे त्याने काम करावे आणि ही रक्कम त्याच्या जोडीला असावी, हाच या रचनेचा अर्थ आहे. जे गेले त्याची ही भरपाई आहे. मी पगार मिळवू लागले म्हणून बोटे परत येत नाहीत, आणि ती रक्कम घेताना मला कधीही संकोच वाटलेला नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वैद्यकीय मंडळाने ठरवलेली टक्केवारी आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणासारख्या सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व असावे लागते. एका कागदाच्या आधारे दुसऱ्या कार्यालयात हक्क सांगायला गेल्यास निराशाच पदरी पडते.

पैशांपेक्षा अवघड प्रश्न कामाचा असतो. मला त्याच यंत्रावर उभे करणे शक्य नव्हते, म्हणून नोंदी ठेवण्याच्या टेबलावर बसवण्यात आले. डाव्या हाताने लिहायला शिकावे लागले, बोरीमार्गे जाणाऱ्या गर्दीच्या बसमध्ये उभ्याने दांडा धरणे हे वेगळेच कसब होऊन बसले, आणि वातानुकूलित खोलीत उरलेल्या पेरांना कळ येत असे. या सर्वांची कारखान्याला कल्पना देणे, टेबलाची जागा बदलून मागणे, संगणकावर नोंदी करू द्या म्हणणे, यात मेहेरबानी मागितल्यासारखे काही नाही. वाजवी सोयी नाकारणे हा २०१६ च्या कायद्याने भेदभावच मानला आहे. तथापि, याच कायद्याच्या कलम २० मधील सर्वांत भक्कम संरक्षण, म्हणजे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही आणि दुसऱ्या पदावर नेले तरी वेतनश्रेणी तीच राहील, हे केवळ सरकारी आस्थापनांवर बंधनकारक आहे. सरकारी चालकाचा पाय गेला तर त्याला हे कवच मिळते. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या खासगी कारखान्यातील कामगाराला ते मिळत नाही. मला हे अन्यायाचे वाटते, कारण अपघाताचा धोका यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसालाच अधिक असतो. म्हणूनच नवे पद, पगार आणि जुनी सेवा धरली जाणार की नाही, हे रुजू होण्यापूर्वी लेखी घ्यावे.

सरकारी अर्थसाहाय्याचे गणित मात्र निराळे असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा दरमहा वाटा ३०० रुपयांचा असून त्यासाठी ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब, अशा दोन्ही अटी आहेत. आमच्या शेजारच्या एका वहिनींना गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे मिळतात. जवळच्या दुकानात हिशेबाचे काम मिळत असूनही ते पैसे जातील या धास्तीने त्यांनी ते नाकारले. समाजकल्याण खात्यात लेखी अर्ज करून उत्तर घ्या आणि मगच ठरवा, असे मी त्यांना सांगितले. दिव्यांग माणसाला औषधांचा, प्रवासाचा, सोबतीचा खर्च नोकरी लागल्यावरही असतोच, किंबहुना प्रवासाचा वाढतो. तेव्हा असे साहाय्य उत्पन्नाशी न जोडता त्या खर्चाशी जोडले जावे, असे माझे ठाम मत आहे.

कामावर परतलेल्यांनी आपले जुने वैद्यकीय कागद जपून ठेवावेत. वैद्यकीय मंडळाचा निर्णय मान्य नसेल, तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे जाता येत असे. तसेच दुखापत पुढे अनपेक्षितपणे बळावली, तर टक्केवारीचा फेरविचार मागण्याची तरतूदही त्या जुन्या कायद्यात होती. पुन्हा काम करू लागल्यावर हात किंवा पाठ अधिक दुखू लागली, तर ते अंगावर न काढता डॉक्टरांकडून त्याच वेळी नोंदवून घ्यावे.