सिकलसेलचं प्रमाणपत्र ते निराधारचे पैसे : आमच्या सात चकरा

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा. त्याला सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार, एसएस पॅटर्न. नुसता उभा असला की धडधाकट पोरगा वाटतो. उजव्या खुब्याचं हाड रक्तपुरवठ्याअभावी झिजलंय, हे तो चार पावलं चालला की मगच कळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलही आहे, हे आम्हाला वस्तीतल्या आशाताईंनी सांगितलं. आई नागपूरच्या इंदोऱ्यात चार घरची धुणीभांडी करते, तिला सुट्टी मिळत नाही. म्हणून दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मी नंदनवनहून येऊन त्याला घेऊन फिरले.

रुग्णालयाची पहिली चक्कर मे महिन्यात मारली, हा माझाच मूर्खपणा. अंगातलं पाणी कमी झालं की सिकलसेलवाल्याचं दुखणं उठतं, आणि नागपूरचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. रांगेत दोन तास गेले आणि त्याचे पाय दुखायला लागले. तुम्ही सकाळीच निघा, पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा, शक्य असेल तर मे टाळाच. मेट्रो मात्र सोयीची. इंदोऱ्याहून सीताबर्डी, तिथे लिफ्टनं गाडी बदलायची. एकही जिना चढावा लागला नाही.

अर्ज आधी घरूनच मोबाईलवर स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी वेबसाइटवर भरला होता. नाव आधारवर आहे तसंच्या तसं लिहा, पावतीची प्रिंट काढा. रुग्णालयातल्या खिडकीवरच्या माणसानं भावाकडे वरून खालून पाहिलं. "हा तर चांगला चालून राहिला न, याला काय झालं?" माझ्या जिभेवर बरंच आलं होतं, गिळलं.

परत पाठवलं ते मात्र कागदासाठी, आणि त्यात त्यांचं चूक नव्हतं. आमच्याकडे शाळेतल्या शिबिराचं कार्ड होतं, त्यावर नुसतं 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह'. ती चाचणी रक्तात सिकल आहे एवढंच सांगते. माणूस एएस म्हणजे वाहक आहे की एसएस म्हणजे रुग्ण, हे त्यातून कळत नाही. वाहकाला प्रमाणपत्र नसतं. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्तचाचणीचा रिपोर्ट लागतो, त्यात एएस की एसएस ते कळतं. विदर्भात घरोघरी असली जुनी कार्डं पडलेली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. रक्त देण्यात आणि रिपोर्ट आणण्यात दुसरी चक्कर गेली.

तिसरी चक्कर बोर्डाची, म्हणजे दिव्यांगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांची. इथे आईनं वाचवलं. भाऊ जेव्हा जेव्हा भरती झाला, तेव्हाचं प्रत्येक डिस्चार्ज कार्ड तिनं साखरेच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. मी ती तारखेप्रमाणे लावली, रक्त चढवल्याच्या नोंदींवर पेन्सिलनं खुणा केल्या, खुब्याचा एक्स-रे वर ठेवला. डॉक्टरांनी फाईल चाळली, पाय फिरवून पाहिला, किती वेळा भरती, किती बाटल्या रक्त, एवढंच विचारलं. टक्के आजाराच्या नावावर मिळत नाहीत, आजारानं शरीराचं काय केलं त्यावर मिळतात. कागदच नसतील तर दुखणं दाखवणार कसं? आम्हाला ४५ टक्के मिळाले. दिव्यांगाच्या ओळखपत्रावर, यूडीआयडी कार्डावर, पिवळा पट्टा असतो तो ४० ते ७९ टक्क्यांचा, ८० पासून पुढे निळा. ४० च्या खाली पांढरा, आणि त्यावर निराधार योजनेत दिव्यांग म्हणून अर्ज करता येत नाही. प्रमाणपत्रावर मुदत लिहिलीय का तेही बघून ठेवा. आमच्या प्रमाणपत्रावर आहे.

मग चौथी चक्कर तहसीलची, संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जासाठी. वय १८ ते ६५, राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य, आणि दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. उत्पन्नाचा दाखला, वास्तव्याचा पुरावा, वयासाठी शाळेची टीसी, रेशनकार्ड, दिव्यांग प्रमाणपत्र, आधार, पासबुक, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. बाहेरचा एक जण "मी करून देतो, ताई" म्हणत मागे लागला होता. पैसे मागत होता, फॉर्म तोच भरणार होता जो मी भरला.

टीसीवर वडिलांच्या नावात एक वेलांटी वेगळी, म्हणून पाचवी चक्कर. ती नेमकी डिसेंबरात, विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आठवड्यात पडली. सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोर्च्यांमुळे बंद, ऑटोवाला झिरो माईलच्या पुढे यायला तयार नाही, आणि कचेरीत गेलो तर साहेब बंदोबस्ताच्या ड्युटीवर. भाऊ काठी टेकत आला तसाच परत गेला. डिसेंबरात अधिवेशन संपल्याशिवाय तिकडे फिरकू नका.

पुढे योजनेच्या समितीत नाव मंजूर झालं. आता दिव्यांगांना महिन्याला २५०० मिळतात, ऑक्टोबर २०२५ च्या आधी १५०० होते. पण आमच्या पासबुकात काहीच येईना. सहावी चक्कर बँकेत, "इथे काही जमा नाही." आई म्हणाली, कोणी खाल्ले असतील.

त्याच चकरेत तहसीलला डोकावलो, तिथल्या बाईंनी शेवटी स्क्रीन पाहून एक प्रश्न विचारला, "याचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय?" पैसे थेट लाभार्थ्याच्या खात्यात जातात, पण अर्जावर लिहिलेल्या नव्हे, आधार शेवटचं जोडलंय त्या खात्यात. अर्ज करायच्या आधीच बँकेत जाऊन हे तपासा, आमचे दोन महिने वाचले असते.

भावाला आठवेना. मग आठवलं, अकरावीत शिष्यवृत्तीसाठी एक खातं काढलं होतं, पासबुक कधीच हरवलं. सातवी चक्कर त्या शाखेत. मशीननं कर्रकर्र करत नवं पासबुक छापलं. शिष्यवृत्तीचे उरलेले ११२ रुपये, त्याखाली तीन ओळी, प्रत्येकी अडीच हजार. भाऊ तिथल्याच बाकावर बसला आणि म्हणाला, "ताई, आधी आईला फोन लाव."