आमची वाटचाल: फॉरमॅटच्या कामापासून डेटा रिकव्हरीपर्यंत

कुडाळला आम्ही दुकान टाकलं तेव्हा विंडोज एक्सपीचा जमाना होता. मी आणि धाकटा भाऊ, दोघंच. मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घ्यायचे, रात्री कोकणकन्येत बसायचं, सकाळी कुडाळला उतरायचं आणि संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर जोडून गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन लावायचा. जोडीला फॉरमॅट मारायची कामं, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवायचं. मशीन स्लो झालं, व्हायरस शिरला, विंडोज चालू होत नाही, तक्रार कोणतीही असो, तेव्हा सगळीकडे उपाय एकच असायचा.

डेटा रिकव्हरीकडे आम्ही वळलो ते याच फॉरमॅटमुळे. बाहेर कुठेतरी फॉरमॅट मारून आणलेली मशीनं आमच्याकडे यायची आणि सोबत माणूस यायचा, उतरलेल्या चेहऱ्याचा. कुणाचे मुलीच्या बारशाचे फोटो, कुणाचा काजू कारखान्याचा वर्षाचा हिशेब. "मशीन चांगला चलता, पण आतला सगळा गेला." हे ऐकून ऐकून आम्ही दुकानात नियम केला की आधी डेटाची कॉपी, मग फॉरमॅट. त्यामुळे कामाला वेळ लागू लागला, काही गिऱ्हाईकं तुटली. नियम मात्र आजही तोच आहे आणि पुढचा सगळा धंदा त्याच्यावरच उभा राहिला.

एक काम सविस्तर सांगतो, कारण आमची कामाची पद्धत त्यातून नीट कळेल. देवगडकडचे एक आंबा व्यापारी. ऐन मे महिना, वळवाचा पाऊस, लाईट जाते-येते, यूपीएसची बॅटरी संपलेली. मशीन बंद पडलं ते पुन्हा विंडोजपर्यंत पोचेना. त्यांच्या पुतण्याने डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, तर डिस्कची वाटणी दाखवणाऱ्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळी पट्टी, 'अनअलोकेटेड'. म्हणजे सी नाही, डी नाही, काहीच नाही. काकांचा फोन आला, "माझो सगळो हिशेब त्येच्यात आसा रे. ह्या मशीन म्हणता नवो व्हॉल्यूम कर, फॉरमॅट कर. करू काय?"

भाऊ म्हणाला, "काका, काय्येक दाबू नकात. बंद करा आणि तसोच घेवन येवा."

काम वाचलं ते त्या फोनमुळे. पार्टिशन म्हणजे डिस्कचे सी, डी असे भाग, आणि ते कुठून कुठे आहेत याची नोंद म्हणजे पार्टिशन टेबल. ते खराब होतं तेव्हा आतल्या फायली बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. सातबारा फाटला म्हणून कलमं उपटली जात नाहीत, फक्त कुणाची हद्द कुठून कुठे ते सांगणारा कागद राहत नाही. नुकसान होतं ते त्यानंतर घाबरून केलेल्या गोष्टींनी. नवं पार्टिशन करून फॉरमॅट मारलं, त्यावर पुन्हा विंडोज बसवलं, की जुन्या डेटावर नवा डेटा लिहिला जातो. असं लिहिलं गेलेलं कुणालाच परत आणता येत नाही, आम्हालाही नाही.

डिस्क आल्यावर आम्ही आधी तिची तब्येत बघतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती स्मार्ट. तिच्या आकड्यांत काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे तुकडे, वाचायचे अडून राहिलेले दिसले, तेव्हा मूळ डिस्कवर एकही प्रयोग करायचा नाही हे ठरलंच. लिनक्सच्या मशीनला डिस्क माउंट न करता, म्हणजे तिच्यातल्या फायली न उघडता, जोडली आणि डीडीरेस्क्यूने तिची सेक्टर-सेक्टर प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायला लावली. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग पटापट उचलतो आणि अडलेल्या जागा शेवटाला ठेवतो. कुठवर वाचून झालं याची नोंद तो एका मॅप फाइलमध्ये करत राहतो. मध्येच लाईट गेली तर जिथे थांबला तिथून पुढे सुरू. आपल्याकडच्या पावसाळ्यात या एका सोयीचं मोल फार मोठं आहे.

प्रत तयार झाल्यावर तिचा पहिला सेक्टर हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडला. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर हा ५१२ बाइटचा सेक्टर असतो. पहिले ४४६ बाइट कॉम्प्युटर चालू करणाऱ्या कोडचे, पुढचे ६४ बाइट पार्टिशन टेबलचे आणि शेवटचे दोन बाइट, ५५ आणि एए, ही खूण. एवढ्या मोठ्या डिस्कचा सगळा नकाशा त्या ६४ बाइटांत, १६-१६ बाइटांच्या चार नोंदींत मावतो. काकांच्या डिस्कवर शेवटची खूण शाबूत होती, पण मधले ६४ बाइट ओळीने शून्य.

मग हद्दी शोधायच्या. एनटीएफएस ही विंडोजची फायली मांडून ठेवायची पद्धत. तिच्या प्रत्येक पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरच्या सुरुवातीला 'एनटीएफएस' अशी अक्षरं असतात, आणि हे पार्टिशन एकूण किती सेक्टरांचं आहे तेही तिथेच लिहिलेलं असतं. त्याच सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये असते. सुरुवात सापडली, लांबी मिळाली आणि शेवटाला जुळी प्रत दिसली, की हद्द पक्की. रिकाम्या डिस्कवर विंडोज ७ बसवलं असेल तर पहिलं १०० एमबीचं छोटं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून आणि सी ड्राइव्ह २०६८४८ पासून सुरू होतं. इथेही नेमकं तसंच निघालं. डी ड्राइव्हची सुरुवात टेस्टडिस्क या प्रोग्रॅमने शोधून दिली. टेस्टडिस्क हे काम झटपट करतं आणि ते फुकट मिळतं. तरी त्याने दाखवलेल्या पार्टिशनमधल्या फायलींची यादी डोळ्यांनी तपासल्याशिवाय आम्ही टेबल लिहीत नाही, कारण जुन्या, कधीकाळी पुसलेल्या पार्टिशनच्या खुणाही त्याला सापडतात. आणि लिहायचं ते प्रतीवरच.

टेबल लिहिल्यावर हिशेबाचं टॅली उघडलं. वाशी मार्केटच्या विक्रीच्या पट्ट्या होत्या, खंडाने घेतलेल्या बागांचे करार होते. काकांनी मात्र सर्वात आधी नेपाळी कामगारांच्या उचलीची शीट उघडायला लावली. माणसं दोन दिवसांत गावी निघणार होती आणि कुणाचं किती देणं राहिलंय ते दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नंतरच्या काळात डिस्क बदलल्या तसं कामही बदललं. आता बहुतेक मशीनं जीपीटी या नव्या पद्धतीच्या टेबलाची असतात. त्यात टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते, त्यामुळे पुढची बिघडली तर मागची वापरता येते, आणि २ टीबीच्या वरची डिस्कही चालते. दुसरीकडे चिपवर डेटा ठेवणाऱ्या एसएसडी आल्या. त्यांत ट्रिम नावाची सोय असते. फाइल पुसली किंवा ड्राइव्ह फॉरमॅट केला की ती जागा एसएसडी स्वतःच मोकळी करून टाकते. म्हणून एसएसडी फॉरमॅट करून कुणी आलं तर आशा फार कमी आहे हे आम्ही काउंटरवरच सांगतो. नव्या लॅपटॉपवर डेटा कुलूपबंद करणारं बिटलॉकर असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हवीच. ती बहुधा गिऱ्हाइकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. नाही सापडली, तर टेबल कितीही छान दुरुस्त केलं तरी आत सगळं कुलूपबंदच राहतं.

बाहेरच्या यूएसबी डिस्कबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. यूएसबी पोर्ट तुटला म्हणून लोक कव्हर फोडून आतली डिस्क थेट जोडतात, ती रिकामी दिसते आणि सगळे हादरतात. काही कव्हरांतलं सर्किट ५१२ ऐवजी ४०९६ बाइटांचे सेक्टर दाखवतं, त्यामुळे थेट जोडल्यावर टेबलातले आकडे जुळत नाहीत. काही सर्किटं तर डेटा एन्क्रिप्ट करूनच लिहितात. म्हणून फुटलेलं का असेना, कव्हर फेकू नका, डिस्कसोबत आणा.

किनाऱ्यालगतचा आमचा स्वतःचा असा एक रोग आहे. मालवण, वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात हार्ड डिस्कच्या सर्किट बोर्डाचे आतल्या बाजूचे संपर्कबिंदू काळे पडतात. डिस्क कधी दिसते, कधी नाहीशी होते आणि लोकांना वाटतं पार्टिशन गेलं. बोर्ड काढून ते बिंदू खोडरबराने हलके साफ केले की पुष्कळदा डिस्क पुन्हा नीट बोलते. आमच्याकडे काम करणारी मुलगी मालवणच्या तंत्रनिकेतनात शिकलेली. आता बोर्ड नव्याने जोडण्यापूर्वी शेवटची नजर तिचीच असते.

पुराने मात्र आमची खरी परीक्षा घेतली. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत बांद्याच्या बाजारपेठेत तेरेखोलचं पाणी शिरलं, खारेपाटणलाही तीच गत. चिखलाने भरलेले सीपीयू टेम्पोतून आले. अशा डिस्कला एक बारीक श्वासछिद्र असतं, तिथून पाणी आत जातं, आणि ओली डिस्क चालू केली तर वाचणारं हेड डेटा असलेल्या चकतीला, प्लॅटरला, घासून उरलासुरला डेटाही जातो. काहींनी घरीच चालू करून पाहिल्या होत्या. न चालवलेल्या डिस्क आम्ही तशाच पॅक करून क्लीन रूम, म्हणजे धूळविरहित खोली, असलेल्या लॅबकडे मुंबईला पाठवल्या. टकटक आवाज करणाऱ्या डिस्कचंही आम्ही तेच करतो. आमच्याकडे क्लीन रूम नाही आणि डिस्कचं झाकण आम्ही कधीच उघडत नाही.

माझ्या सगळ्यात जवळचं काम दशावताराच्या चित्रफितींचं. एका फोटोग्राफरने गावोगावच्या जत्रांत रात्र-रात्र बसून केलेली रेकॉर्डिंग एकाच डिस्कवर ठेवली होती. पार्टिशन लहान-मोठं करणारं सॉफ्टवेअर मध्येच अडकलं आणि टेबल विस्कटलं. फाइल सिस्टिमचीही मोडतोड झाली होती, म्हणून काही भाग फोटोरेकने उचलावा लागला. फोटोरेक फायली त्यांच्या आतल्या रचनेवरून ओळखतं, नावं परत देत नाही. मग नावांविना मिळालेल्या फिती बघत बसणं आलं. यातल्या काही नटांचं आता वय झालंय, काही राहिले नाहीत. हा राजा कोण, ही संकासुराची एंट्री कोणत्या गावची, ते त्या फोटोग्राफरने आणि एका जुन्या पेटीमास्तरांनी आमच्या काउंटरवर बसून ओळखून दिलं. त्या कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत.

आज डेटा मिळाला तरच बिल, हे आमचं ठरलेलं आहे. तपासणी होते, सापडलेल्या फायलींची यादी दाखवली जाते, गिऱ्हाइकाने होय म्हटलं तर पुढे. काम संपल्यावर आमच्याकडची प्रत काही दिवस ठेवून कायमची पुसतो आणि तसं कळवतो. डिस्क घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न असतो, "बिघडल्यावर काय काय करून बघितलंत?" विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं सीएचकेडीएसके चालवलं असेल, कुणी व्हिडिओ बघून काही दाबलं असेल, तर ते मोकळेपणाने सांगा. कोण चुकलं ते आम्हाला बघायचं नसतं, शोध कुठून सुरू करायचा ते त्यावरून ठरतं.

मिरग लागायच्या आधी बांद्यात आणि खारेपाटणात दुकानदारांच्या हिशेबाचा बॅकअप फुकट घेऊन द्यायला आम्ही जातो. यंदाही जाणार आहोत. येताना एक रिकामी डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह घेऊन या, आणि बॅकअप घेतला की तो दुकानात ठेवू नका, वरच्या आळीतल्या पाहुण्यांकडे ठेवा.