तोंडात प्लम, ताटात रस्सा

बर्मिंगहॅमला आलो तेव्हा मला वाटायचं इंग्लंडमध्ये एकच ॲक्सेंट असतो, तो बातम्यांमधला. इथे तर दर गावाच्या बोलण्याला टोपणनाव. आमच्या गावचे ते ब्रमी, बर्मिंगहॅमच्या ब्रमॅजम ह्या जुन्या बोली नावावरून. लिव्हरपूलचं स्काउझ, आणि हे मला फारच आवडलं, कारण स्काउझ म्हणजे मुळात खलाशांचा मटण-बटाट्याचा रस्सा, लॉबस्काउझ, तो खाणारे ते स्काउझर आणि ते बोलतात तेपण स्काउझच. म्हणजे कोल्हापूरकराच्या भाषेलाच आपण तांबडा-पांढरा म्हणायचं की! आणि ह्या लोकांचा 'बुक'मधला क असा घसा खरवडत येतो, जवळजवळ उर्दूतल्या ख सारखा, की पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा वाटलं बिचाऱ्याला खोकला झालाय.

न्यूकॅसलचे जॉर्डी. तिथून जेमतेम २० किलोमीटरवर संडरलंड, ते मॅकम. ऑफिसातल्या एका मॅकमला मी भोळेपणाने विचारलं, तू जॉर्डी ना? त्याने चहाचा मग शांतपणे खाली ठेवला. मग दहा मिनिटं लेक्चर, आमच्याकडे 'मेक'ला 'मॅक' म्हणतात, जहाजं आम्ही बांधायचो, ते नाव त्यावरून पडलं वगैरे वगैरे. सांगलीकराला 'कोल्हापूरचे ना तुम्ही?' विचारून बघा, सेम चेहरा होतो.

बड्या घरच्या बोलण्याला प्लमी म्हणतात, तोंडात अख्खा प्लम धरून बोलल्यासारखं. आपण आपलं 'तोंडात गुळणी धरलीय का' म्हणतो, पण ते श्रीमंतीसाठी नाही हं, ते न बोलणाऱ्यासाठी. ड्रॉल म्हणजे शब्द लांबवत बोलणं, ट्वँग म्हणजे नाकातला सूर, बर म्हणजे घोळवलेला र. लिल्ट हा त्यातल्या त्यात लाडाचा शब्द, वेल्श नाहीतर आयरिश माणसाच्या वाट्याला जातो, आम्हा भारतीयांच्या बोलण्यात तसाच चढउतार असला तरी ते मात्र सिंग-साँग. रागावण्यासारखं काही नाही, पण लक्षात राहतं खरं.

परवा आईशी व्हिडिओ कॉल चालू होता, दारात पार्सल आलं, मी त्या पोऱ्याला सवयीने 'टारा अ बिट' म्हणालो, म्हणजे ब्रमी लोकांचं येतो हं. आई म्हणाली, "हा कसला रे हेल काढायला लागलास?"