दुर्बिणीचं ऑपरेशन, घोट्याला दोन भोकं आणि तीन महिने क्लच बंद

माझी पिकअप आहे, सीझनला महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी वाशी मार्केटला टाकतो. गेल्याच्या गेल्या फेब्रुवारीत घाईघाईत हौद्यातून खाली उडी मारली ती नेमकी दगडावर, आणि डावा पाय आत मुरगळला. वांग्यासारखा सुजला. गावात एकानं चोळून दिला, आईनं आंबेहळदीचा लेप घातला, मी क्रेप बँडेज बांधून चौथ्या दिवशी गाडीवर. सीझन कोण सोडतंय.

सूज गेली पण दुखणं गेलंच नाही. चालताना फार नाही, पण क्लच पूर्ण दाबला की घोट्याच्या पुढच्या बाजूला आत खोल कळ यायची. मोकळ्या रस्त्याला काही वाटत नव्हतं, पण पसरणी घाटात आणि परतीला खंबाटकीत ट्रॅफिक तुंबलं की पाच-पाच मिनिटाला क्लच, घामच फुटायचा. घरी उकिडवं बसता येईना, संडासला पंचाईत. एक्सरे काढला, "हाड चांगलंय, लिगामेंट ताणलंय" म्हणाले, गोळ्या दिल्या. मग फिजिओ, पट्टा, गोळ्या, परत पट्टा असं करत वर्ष गेलं. फिजिओ मी अर्धवट सोडली ही माझीच चूक, ती धड केली असती तर कदाचित पुढचं टळलंही असतं, माहीत नाही.

शेवटी पुण्यात एका घोट्याच्याच डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बोटानं दाबत दाबत बरोबर त्या जागेवर आणलं, मी ओरडलोच. एमआरआय काढला. घोट्यात नडगीच्या खाली टेलस नावाचं हाड असतं, त्याच्यावरच्या गादीचा म्हणजे कूर्चेचा आठ मिलिमीटरचा तुकडा उचकटला होता आणि पुढच्या बाजूला आतलं अस्तर सुजून सांध्यात चिमटत होतं. म्हणलं एक्सरेत का नाही दिसलं, तर म्हणाले कूर्चा एक्सरेत दिसतच नाही. आणि गादीला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळं ती आपली आपण भरून येत नाही. म्हणून दुर्बिणीनं आत जायचं, सुजलेलं काढायचं, सुटलेला तुकडा खरवडायचा आणि खालच्या हाडाला बारीक बारीक भोकं पाडायची, त्यातून रक्त येतं आणि त्याची नवी खपली धरते, पार पहिल्यासारखी नाही पण कामाला येते. मी विचारलं "परवा गाडी चालवीन ना?" ते हसले. "बाहेरचं कातडीचं भोक पाच मिलिमीटरचं आहे हो, पण आतली जखम तुमच्या भोकाकडं बघून भरत नाही. दीड महिना पाय टेकवायचा नाही." आणि तंबाखू बंद, जखम भरायला उशीर होतो म्हणे. हे ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं खरं सांगतो.

स्ट्रॉबेरी संपल्यावर जूनची तारीख घेतली. मेडिक्लेमच्या मंजुरीसाठी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत लटकवलं, तेवढ्यात बायकोनं भावाकडून पैसे मागवूनही ठेवले होते. सकाळी पाठीत इंजेक्शन, दहा मिनिटात कमरेखालचं सगळं परक्याचं. मांडीला बीपीच्या पट्ट्यासारखा पण दांडगा पट्टा आवळला, आत रक्त येऊन दिसायचं बंद होऊ नये म्हणून. घोट्याच्या पुढून दोन भोकं, एकातून दुर्बीण एकातून हत्यार, वरून सलाईनच्या पिशव्यांचं पाणी सांध्यात सोडत होते फुगवायला. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवला. आत पाण्यात पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी हलत होतं आणि त्यांची मशीन ते गट्टम करत होती. मग पट्टा सैल केला आणि हाडाच्या भोकातून रक्ताचे बारीक धूर निघाले, "हेच पाहिजे होतं" म्हणाले. तासाभरात बाहेर. नंतर थंडी वाजून हुडहुडी भरली आणि रात्रीपर्यंत लघवी होईना, ते कोणी आधी सांगितलं नव्हतं! घोट्यापेक्षा मांडी जास्त दुखत होती, पट्ट्यामुळं.

दुसऱ्या दिवशी घरी, आणि खरं काम तिथून पुढं. पाय छातीच्या वर राहील अशा उशा, कापडात गुंडाळून बर्फ, वॉकर, बाथरूममध्ये प्लास्टिकची खुर्ची. टाके चौदाव्या दिवशी काढले. बघायला येणारा प्रत्येकजण पट्टी बघून म्हणायचा "एवढंच? दुर्बिणीचंच ना?" एक पाव्हणा तर म्हणाला आमच्या ह्यांचं गुडघ्याचं केलं आणि आठवड्यात शेतात. अरे त्यांचं गादीचं काम होतं का नुसती साफसफाई, फरक आहे ना. नुसतं सुजलेलं काढलं तर लोकं काही दिवसात चालतात, हाडाला भोकं पाडली तर मात्र चालता येत नाही.

टेकवायचा नसला तरी घोटा हलवायला मात्र लगेच सांगितलेलं. फिजिओच्या मॅडम म्हणाल्या अंगठ्यानं हवेत एबीसीडी काढा, मी बाराखडी काढायचो, "क्ष"ला जीव जायचा. पाय टेकवल्यावर बघितलं तर पोटरी अडीच सेंटीमीटर बारीक झालेली, टेपनं मोजली. मग रबराचा पट्टा ओढणं, टाचा उचलणं, एका पायावर उभं राहून दात घासणं. ह्या वेळी एकही दिवस चुकवला नाही.

सप्टेंबरात पहिल्यांदा क्लच, तोही भावाच्या कारचा, घरासमोरच्या रस्त्यावर. दुखलं नाही पण पाय थरथरत होता. महिन्याभरानं पिकअप. आता खंबाटकीत अर्धा तास अडकलो तरी ती कळ येत नाही. पार मोकळं झालं असंही नाही, उकिडवं जास्त वेळ बसलो तर ताण येतो, आणि पावलाच्या वर दोन बोटांएवढी जागा अजून बधिर आहे, तिथं वरूनच एक नस जाते म्हणे, हळूहळू कमी होतंय.

हौद्यातून उडी मात्र बंद. मागचा फाळका पाडतो आणि म्हाताऱ्यासारखा पाठमोरा एकेक पाय टाकत उतरतो, वाशीतले हमाल हसतात.